तिसरं पेडल

ताईला न सांगता गिअरबॉक्स बदलला तर सोन्याच्या पदरात काय पडणार होतं, ते आधी बघून घेऊ. म्हणजे पुढे कुणाला त्याची दया आलीच, तर ती सगळं माहीत असून येईल.

पहिली गोष्ट, कर्नलची शाबासकी. हा कर्नल कुठल्याच फौजेत नव्हता. मिशा आणि आवाज एवढ्या भांडवलावर त्याला ती पदवी मिळाली होती. सुटे भाग मागवून घरच्या घरी स्पोर्ट्‌स कार जोडणाऱ्यांच्या, दर रविवारी जमणाऱ्या टोळक्याचा तो म्होरक्या. एकदा कुणाच्या तरी गाडीत डोकावून तो म्हणाला होता, ‘‘ऑटोमॅटिक? मग गाडी कशाला, सोफाच घ्यायचा होता की!’’ त्या गाडीचा मालक पुन्हा रविवारी फिरकला नाही. दुसरी गोष्ट, गिअर टाकतानाचा तो मनगटाचा झटका. सोन्या चाळिशी उलटून गेल्यावरही कुकरच्या दांड्यावर तो झटका करून बघायचा आणि बायकोच्या, म्हणजे सगळ्यांच्या वहिनीच्या, शिव्या खायचा. आणि तिसरी गोष्ट त्यानं स्वतःशीसुद्धा कधी मोठ्यानं म्हटली नव्हती. गाडीला क्लच असला की ड्रायव्हरची सीट कायमची त्याची. कारण ताईला क्लच दाबता येत नाही.

ताई म्हणजे सोन्याची थोरली बहीण. लहानपणी आलेल्या तापात तिचा डावा पाय गेला तो गेलाच. मांडीपासून घोट्यापर्यंत पट्ट्यांचा कॅलिपर बांधून ती चालते, आणि गाडीत बसताना तो पाय दोन्ही हातांनी उचलून आत ठेवते, पिशवी ठेवावी तसा. तिचं सीटकव्हर शिवायचं दुकान आहे. वायरिंगही ती करते. ‘‘रोज सीटखाली डोकं घालायचं आणि तिथल्या वायरींशी ओळख करून घ्यायची नाही, हे काही माणसाचं लक्षण नाही,’’ असं तिचं म्हणणं. रोज दुकानात येण्याजाण्याला तिच्याकडे एक लहानशी ऑटोमॅटिक गाडी होती. तिला ती चाकं लावलेलं वॉशिंग मशीन म्हणायची.

खरी गाडी चालवायची हौस तिला सोन्याच्या आधीपासून. वडिलांची एक बंद पडलेली व्हॅन अंगणात उभी असायची. ताई स्टिअरिंगवर बसायची आणि सोन्या तिच्या पायाशी, पेडलांच्या समोर उकिडवा. ताई ओरडायची, ‘‘क्लच!’’ की सोन्या दोन्ही तळहातांनी पेडल दाबायचा, आणि ताई करकर आवाज करत गिअर टाकायची. त्या व्हॅनमधून दोघं कुठेकुठे जाऊन आली होती याचा हिशेब नाही. समुद्र तर रोजचाच.

म्हणून जेव्हा दोघांनी निम्मी-निम्मी मिळून किट मागवलं, चासीचे पाइप, फायबरची बॉडी, खोकीच्या खोकी, तेव्हा गिअरबॉक्सचा प्रश्नच नव्हता. सोन्या स्वतःच म्हणाला होता, ‘‘ऑटोमॅटिक. तू चालवायची आणि मी शेजारी बसून शिव्या खायच्या. तेवढा सराव आहे मला.’’

जुन्या गाड्या फोडून गिअरबॉक्स विकणाऱ्याकडे दोघं मिळून गेली होती. या गिअरवाल्यानं बाकी काही न विचारता एकच विचारलं, ‘‘चालवणार कोण?’’

‘‘मी,’’ ताई म्हणाली.

त्यानं तिच्या पायाकडे पाहिलं, पण चेहरा केला नाही. दोन बॉक्स फळीवर मांडले. एक जुना, चार गिअरचा. ‘‘याला डोकं नाही, त्यामुळे डोकेदुखीही नाही. वायरी जवळपास नाहीतच. तुमच्या इंजिनाला चपखल बसतो.’’ दुसरा नवा, सहा गिअरचा, स्वतःचा कॉम्प्युटर घेऊन आलेला.

सोन्याला जुना आवडला, कारण तो हलका होता. ताईनं त्याच्या तेलाची पट्टी बाहेर काढली आणि नाकाशी नेली. तेल लाल हवं, तर तपकिरी; वास करपलेला.

‘‘आत काहीतरी जळलंय याच्या.’’

‘‘उघडून देतो की, ताई.’’

‘‘उघडून द्यायचा तर मी नवाच घेते. वायरी मीच ओढणार, मला कॉम्प्युटरची काय भीती?’’

‘‘मग दोन गोष्टी लक्षात ठेवा,’’ गिअरवाला म्हणाला. ‘‘हा पोटानं मोठा आहे. दोन सीटांच्या मधला जो उंचवटा असतो ना, टनेल, तो किटवाले दोन मापांत देतात. रुंदवाला मागवा. अरुंदात हा जन्मात बसणार नाही. आणि वायरिंगमध्ये लिव्हर ‘पार्क’ला असल्याशिवाय स्टार्टर फिरता कामा नये, नाहीतर किल्ली फिरवली की गाडी अंगावर येईल.’’

‘‘टनेलचं मी बघतो,’’ सोन्या म्हणाला.

‘‘वायरिंगचं मी,’’ ताई म्हणाली.

दोघांनी आपापला शब्द दिला, आणि एकानं पाळला.

ताई घरी लाकडी फळीवर खिळे ठोकून, त्यांच्यातून एकेक वायर ओढून, गाडीच्या वायरिंगचा अख्खा जुडगा बांधत राहिली. ती गोष्ट तिनं पहिल्यांदा घेतली, स्टार्टरची. बॉक्सच्या लिव्हरकडून ‘पार्क’चा इशारा आल्याशिवाय विजेनं पुढे जायचंच नाही, अशी. मग सीट शिवल्या, तांबूस कातड्याच्या, दुहेरी टाक्याच्या. शेवटी टनेलचं कव्हर. माप सोन्यानंच फोनवर दिलं, रुंद टनेलच्या नकाशावरून वाचून. ताईनं फिरून विचारलं नाही. सोन्या माप सांगायचा आणि ताई कातडं कापायची, असंच आजवर चालत आलं होतं.

कव्हर घेऊन ती सोन्याच्या शेडमध्ये गेली तेव्हा गाडीवर बॉडी चढली होती. लाल, ओणवी, नाक पुढे काढून बसलेली. ताईला हसू आलं. तिनं कव्हर टनेलवर अंथरलं, एका बाजूची कड बसवली, दुसरी बाजू ओढली.

कव्हर लोंबलं. थोरल्याचा सदरा धाकट्याला घालावा तसं.

‘‘कातडं सैल पडलं असेल,’’ सोन्या मागून म्हणाला. ‘‘दमट हवेत पडतं.’’

‘‘कातडं?’’

‘‘किंवा कापताना तुझा हात जरा... होतं गं. परत शीव.’’

इथे सोन्यानं चूक केली. बाकी सगळं कदाचित ताईनं आधी ऐकून घेतलं असतं. पण आपल्या हातानं कापलेल्या कातड्याला ती पोटच्या पोरासारखी ओळखायची. तिनं पिशवीतून टेप काढली आणि टनेलवर आडवी धरली. टनेल अरुंद होता. मग ती दारात हात टेकून वाकली आणि पाय ठेवायच्या जागेत डोकावली.

खाली तीन पेडलं होती.

‘‘ताई, ऐक ना. तो बॉक्स फार जड निघाला. पुढचा भार बिघडला असता.’’

‘‘निघाला म्हणजे? तू तोलून आलास?’’

‘‘किटवाल्यांनी टनेल अरुंदच पाठवला. आता चिकटवल्यावर कळलं.’’

‘‘पेडल पण त्यांनीच पाठवलं? तिसरं? आगाऊ?’’

‘‘अगं, स्पोर्ट्‌स कारमध्ये ऑटोमॅटिक म्हणजे... लोक हसतात. कर्नल म्हणतो...’’

‘‘तो कोण लागून गेला? माझ्या गाडीत कोणता बॉक्स बसायचा, हे तो मिशांना तेल लावून ठरवणार?’’

‘‘तुझ्या एकटीची नाही, आपली गाडी आहे.’’

‘‘हां! आता आपली झाली. मग आपल्यातल्या मी कुठे बसायचं, ते दाखव. मीच सीट शिवल्यात. कोणती माझी?’’

सोन्यानं शेजारच्या सीटकडे पाहिलं नाही, पण न पाहण्याचीही एक दिशा असते. वहिनी चहाचे कप घेऊन दारात आली होती. ती चाचरत म्हणाली, ‘‘पण ताई, तुम्हीच नको म्हणाला होतात ना? हे म्हणाले, ताईला आता भीती वाटते, तिनं ऑटोमॅटिकचा हट्ट सोडला.’’

ताईनं भावाकडे पाहिलं. रागाच्याही तऱ्हा असतात. गिअरबॉक्सचा राग तिच्या तोंडावर होता, तो वाटेल तेवढा बोलू शकत होता. हा दुसरा राग खाली गेला आणि तिथेच बसला.

‘‘भीती,’’ ती म्हणाली. ‘‘मला.’’

‘‘चालवायची तर चालव ना!’’ सोन्या आता कोपऱ्यात सापडल्यासारखा चिरकला. ‘‘मी क्लच दाबून देईन. लहानपणी नव्हतो दाबत?’’

‘‘तेव्हा गाडी उभी होती, सोन्या.’’

तिनं कव्हरची गुंडाळी केली, काखेत मारली, आणि चहा तसाच ठेवून निघाली. घरी जाताना वाटेत, सिग्नलला, तिला आठवलं की वायरिंगचा जुडगा आधीच गाडीत बसलाय, आणि तो बिचारा अजून ऑटोमॅटिकचीच वाट बघतोय. ‘पार्क’चा इशारा सोन्यानं बसवलेल्या क्लचवाल्या बॉक्सकडून यायचा नव्हता. किल्ली कितीही फिरवली तरी स्टार्टर ढिम्म राहणार. तिनं घरी पोचल्यावर सोन्याचा नंबर काढला. मग फोन पालथा ठेवला आणि भांडी घासायला घेतली. भांड्यांचं त्या दिवशी काही खरं नव्हतं.

गाडी पहिल्यांदा सुरू करायचा मुहूर्त सोन्यानं रविवार सकाळचा धरला होता. टोळकं जमलं. कर्नल स्वतःची गाडी घेऊन आला, घासूनपुसून, आरसा करून, आणि सगळ्यांना दिसावी म्हणून बरोब्बर शेडच्या दारासमोर लावली.

सोन्यानं किल्ली फिरवली. काही नाही. पुन्हा फिरवली. दिवे लागले, पंप गुरगुरला, स्टार्टर गप्प.

‘‘बॅटरी,’’ कर्नल म्हणाला.

बॅटरी बदलली.

‘‘अर्थिंग,’’ कर्नल म्हणाला.

अर्थिंग खरवडून घट्ट केलं. पुढे स्टार्टर काढून झाला, तो जमिनीवर ठेवून फिरवून झाला, तिथे तो भिंगरीसारखा फिरला, आणि परत बसवल्यावर पुन्हा मौनात गेला. टोळक्यातले लोक घड्याळाकडे आणि एकमेकांकडे बघायला लागले. ‘‘घरगुती वायरिंग,’’ कर्नल हळूच म्हणाला, म्हणजे सगळ्यांना ऐकू जाईल इतपत.

वहिनीनं आत जाऊन फोन लावला. ‘‘ताई, या हो. घामाघूम झालेत. माझ्यासाठी या.’’

ताई आली. तिच्यासाठी आली की हे बघायला आली, ते तिचं तिला माहीत. मिशा, टोपल्यांसारखी पोटं आणि हातातले कागदी कप यांच्यामधून ती कॅलिपरचा खट्‌ खट्‌ आवाज करत गेली.

‘‘बॅटरी बघितली आम्ही,’’ कर्नलनं माहिती पुरवली.

‘‘बॅटरी नाही, अर्थिंग नाही, स्टार्टर नाही,’’ ताई म्हणाली. ‘‘ही गाडी ऑटोमॅटिक आहे. लिव्हर पार्कमध्ये आहे का, एवढंच ती विचारतेय. हिला अजून कुणी सांगितलं नाही की हिचा बॉक्स बदललाय. माझ्यासारखंच.’’

सोन्याचा चेहरा उतरला. ‘‘तुला माहीत होतं?’’

‘‘हो.’’

‘‘आणि बोलली नाहीस?’’

‘‘नाही. कसं वाटतं?’’

दात आवळून, मित्रांकडे पाठ करून सोन्या म्हणाला, ‘‘जोड ना ते आता. तमाशा नको.’’

‘‘जोडते.’’

ती ड्रायव्हरच्या सीटवर बसली. पाय उचलून आत घेतला. डॅशबोर्डखाली हात घालून दोन वायरी ओढल्या, टोकं सोलून एकमेकींना पीळ दिला आणि किल्ली फिरवली. इंजिन असं काही डरकाळलं की शेडचा पत्रा वाजला. टोळक्यानं टाळ्या पिटल्या. सोन्या क्षणभर सगळं विसरून हसला, आणि ताईसाठी दार धरून उभा राहिला, तिनं उतरावं म्हणून.

ताई उतरली नाही.

‘‘बैस,’’ ती म्हणाली.

‘‘कुठे?’’

‘‘क्लचपाशी. तूच म्हणालास. ‘मी दाबून देईन.’’’

‘‘ताई, सगळे बघतायत.’’

‘‘मग बघू दे. यांच्याचसाठी तर पेडल बसवलंस.’’

सोन्यानं इकडेतिकडे पाहिलं. आणि त्याच्यातही ताईचंच रक्त होतं, तिरसट. ‘‘ठीक आहे,’’ म्हणाला, आणि पलीकडच्या दारानं आत शिरला, टनेलवर पालथा पडला, स्टिअरिंगखाली डोकं खुपसलं. व्हॅनमध्ये तो उकिडवा मावायचा. इथे त्याचं पोट टनेलवर अडकलं, एक पाय दारातून बाहेर राहिला, आणि हात कसेबसे पेडलापर्यंत पोचले. कर्नलनं फोन काढून चित्रीकरण सुरू केलं. हशा पिकला.

‘‘क्लच!’’ ताई ओरडली.

सोन्यानं दाबला. ताईनं पहिला गिअर टाकला. काहीही करकरलं नाही, अगदी लोण्यातून सुरी जावी तसा गेला, आणि तेवढ्या एका क्षणाला तिच्या जिवाला खरंच बरं वाटलं. तिनं अॅक्सिलरेटर दाबला. ‘‘आता सोड. हळू. हळू सोन्या, हळू!’’

त्याची घामेजली बोटं पेडलावरून निसटली. गाडीनं बेडकासारखी उडी मारली, शेडच्या दारातून बाहेर पडली आणि कर्नलच्या आरशासारख्या गाडीच्या गालावर नाक आपटून बंद पडली.

काच फुटल्याचा आवाज संपल्यावर पहिल्यांदा कर्नलचाच आवाज आला. ‘‘अक्कल आहे का रे तुला? लंगड्या बाईला कुणी ड्रायव्हिंग सीटवर बसवतं का?’’

सोन्या स्टिअरिंगखालून वर आला. कोपर सोलवटलं होतं, कानाला ग्रीस लागलं होतं. ते वाक्य त्यानं ऐकलं होतं. इतरांना वाटलं पहिल्यांदाच. पण सोन्यानं ते इतके महिने रोज ऐकलं होतं, स्वतःच्याच आवाजात, जरा गोड शब्दांत. भार बिघडेल. लोक हसतात. ताईला भीती वाटते. कर्नलनं नुसतं वरचं साल काढलं होतं.

‘‘पुन्हा म्हण,’’ सोन्या म्हणाला.

‘‘माझा हेडलाइट...’’

‘‘हेडलाइट देतो मी. ते आधीचं पुन्हा म्हण, म्हणजे मी तुला गेटपर्यंत सोडायला येतो.’’

कर्नलनं म्हटलं नाही. गेटपर्यंत तो एकटाच गेला. त्याच्या मागोमाग टोळकंही, कागदी कप जागच्या जागी टाकून.

‘‘माझ्या वतीनं भांडायला तुला कुणी सांगितलं नव्हतं,’’ ताई म्हणाली. ती अजून सीटवरच होती. ‘‘त्याला बाहेर काढलंस म्हणून तू सुटलास असं समजू नकोस. तो नुसता बोलला. तू तर पेडल बसवलंस.’’

सोन्यानं आतून ग्राइंडर आणलं, मास्क न लावता, गॉगल न चढवता, आणि टनेलच्या कडेवर टेकवलं. फायबरची पांढरी धूळ उडाली. पश्चात्तापाचा हात असा नसतो; हा रागाचा होता, आणि कुणावरच्या, ते विचारायची सोय नव्हती.

‘‘रेघ तरी मार आधी!’’ ताई किंचाळली. ‘‘मापानं काप, गाढवा!’’

तो थांबला. तिनं टेप त्याच्या अंगावर फेकली.

तर, कुणी काय किंमत मोजली ते असं. कर्नलच्या गाडीला नवी काच बसली, ती सोन्याकडून. पण सोफ्याचा विनोद त्यानं पुन्हा केल्याचं ऐकिवात नाही. गिअरवाल्याचं काहीच गेलं नाही. त्यानं मॅन्युअल बॉक्स परत घेतला, सहा गिअरचा काढून दिला आणि ‘‘मी विचारलं होतं, चालवणार कोण’’ एवढंच म्हणाला. वहिनीनं न केलेल्या गुन्ह्याची सजा भोगली. शेडमधली धूळ अंथरुणापर्यंत आली, आणि दोन भावंडं तिच्यामार्फत बोलत राहिली: ‘‘त्याला सांग पाना दे,’’ ‘‘तिला सांग घे.’’ सोन्याचे दोन्ही हात फायबरच्या कुसळांनी खाजून लाल झाले, कोपरावर वण राहिला, आणि कुकरच्या दांड्याला मनगटाचा झटका देणं बंद झालं. गाडीच्या नाकावर एक ठिगळ आहे. रंग मिळवूनही ते उन्हात दिसतं.

ताईनं गाडी चालवली. पाय उचलून आत ठेवला, लिव्हर खाली ओढली, आणि बंद पडलेल्या जुन्या व्हॅनला जिथे जिथे जाता आलं नव्हतं तिकडे निघाली. शेजारी सोन्या होता. शिव्या खात होता. कव्हर टनेलवर चामडीसारखं घट्ट बसलं होतं.

पण परवा त्यानं मागच्या डिकीच्या गालिच्याचं माप फोनवर सांगितलं. ताई ‘‘बरं’’ म्हणाली. मग दुकान बंद करून, खट्‌ खट्‌ करत त्याच्या शेडपर्यंत आली आणि स्वतः टेप लावून बघितली. माप बरोबर होतं. सोन्या दारात उभा राहून बघत होता. त्याच्या शब्दावर डोळे मिटून कातडं कापायचे दिवस गेले होते. ती एक रक्कम मात्र दोघांनी भरली, गाडीसारखीच, निम्मी-निम्मी.